मोटारीतील अदृश्य सोबती

गेल्या डिसेंबरात जुन्या गोव्याच्या फेस्तास जाण्यासाठी आम्ही पहाटे चार वाजता निपाणीहून निघालो, ते आमच्या पुतण्याच्या नव्या विजेच्या मोटारीतून. गाडी घेऊन त्याला तीनच महिने झाले होते, आणि घरात आलेल्या नव्या सुनेचे कौतुक सांगावे तसे तो तिचे गुण सांगत होता. ती धूर सोडीत नाही, तिचा आवाज होत नाही, रात्रीतून घरच्या विजेवर ती भरते, हे सारे आम्ही पूर्वी ऐकलेले होते. परंतु संकेश्वरच्या पुढे महामार्ग मोकळा लागताच त्याने जे करून दाखविले, त्याची आम्हांस कल्पना नव्हती. स्टिअरिंगवरील एक बटण दाबून त्याने पाय आखडून घेतले, हातांची पकड अगदी सैल केली आणि तो म्हणाला, "काका, आता पाहा. गाडी तिची ती चालली आहे."

आणि खरोखरच ती चालली होती. दोन पांढऱ्या रेषांच्या मधोमध, ना डावीकडे ना उजवीकडे, अशी ती सरळ धावत होती. पुढे एक मालमोटार आली तशी गाडीने आपला वेग आपणच कमी केला व ठराविक अंतर राखून ती मागोमाग जाऊ लागली. मालमोटार बाजूस झाली, तशी तिने पुन्हा वेग घेतला. मागच्या आसनावर आमच्या मंडळींनी जपमाळ हाती घेतल्याचे आम्हांला आरशात दिसले. ती भीतीमुळे की रोजची वेळ झाली म्हणून, हे आम्ही विचारले नाही.

दिवस ऊस गाळपाचे. त्या दिवसांत आमच्या भागात रात्रीच्या प्रवासाचे खरे भय म्हणजे दोन दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. मागे तांबडा दिवा नाही, चमकणारी पट्टी उसाखाली झाकलेली, आणि मोळ्यांचे शेंडे दोन्ही बाजूंस हातभर बाहेर आलेले. असाच एक ट्रॅक्टर अंधारात अर्धा रस्त्यावर, अर्धा कडेला असा पुढे होता. पुतण्या आमच्याशी बोलण्यात रंगला होता. आम्हीच आधी ओरडलो, आणि ब्रेक दाबला तो त्यानेच. गाडीने तो स्वतः दाबला असता की नाही, हे सांगता येणार नाही. कदाचित ती आणखी अर्ध्या क्षणाने दाबणार असेल. परंतु त्या अर्ध्या क्षणात चालकाने गाडीची वाट पाहावयाची की गाडीने चालकाची, हा प्रश्न त्या पहाटेपासून आमच्या मनातून गेला नाही.

बेळगावास थोरल्या बहिणीला बरोबर घेऊन आम्ही जांबोटीच्या रस्त्याने चोर्ला घाटाकडे वळलो. कणकुंबीच्या पुढे रस्त्यावरील पांढऱ्या रेषा कोठे होत्या, कोठे नव्हत्या. रेषा संपली की समोरच्या पडद्यावरील स्टिअरिंगचे हिरवे चित्र मुकाट्याने करडे होई, म्हणजे गाडीने चाक सोडून दिलेले असे. पण ते चित्र बोटाच्या पेराएवढे, आणि चालकाची दृष्टी वळणावर! एके ठिकाणी रेषा होती व खड्डाही होता. खड्डा चुकविण्यासाठी पुतण्याने चाक वळविले, तर आपण रेषा ओलांडीत आहोत असे समजून गाडीने ते हळूच परत खड्ड्याच्या बाजूस ओढले. तेव्हा मात्र त्याने सारी यंत्रणा बंद केली आणि घाट आपल्या हातांनी उतरविला. त्यानंतर केरीपर्यंत तो फारसे बोलला नाही.

त्या दिवसापासून, ज्यांच्याजवळ अशी मोटार आहे अशा प्रत्येकाला त्याचा अनुभव विचारण्याचा आम्हांस छंदच लागला. मडगावच्या एका शिक्षिकाबाईंनी सांगितले, की संध्याकाळच्या गर्दीत पुढील बस एकाएकी थांबली, त्या वेळी त्यांचे लक्ष मागे रडणाऱ्या मुलीकडे गेले होते. पाय ब्रेकवर पोचण्यापूर्वीच गाडी थांबली होती, आणि बसचा मागचा पत्रा वीतभर अंतरावर होता. बडोद्यास स्थायिक झालेले आमचे एक नातेवाईक अहमदाबादच्या द्रुतगती मार्गाने आठवड्यातून चार वेळा ये-जा करतात. पूर्वी घरी येताच पाय दुखत म्हणून ते तेल लावून घेत. आता ते म्हणतात, बाटली तशीच पडून आहे. उलट हैदराबादेच्या एका गृहस्थांनी ही सारी सोय दुसऱ्याच आठवड्यात बंद करून टाकली. गाडी पुढच्या वाहनापासून जे अंतर राखते, त्या मोकळ्या जागेत दोन स्कूटर व एक रिक्षा घुसते; मग गाडी दचकून वेग कमी करते, पुन्हा अंतर सोडते, पुन्हा कोणी घुसते. "अशाने आम्ही पुढे जाण्याऐवजी मागेच जात होतो," असे ते म्हणाले. मागून येणाऱ्यांचे भोंगे ऐकावे लागत, ते वेगळेच.

एकाच प्रकारच्या यंत्राविषयी माणसे इतकी वेगवेगळी बोलतात, याचे कारण शोधू गेल्यास आधी हे यंत्र काय करते ते समजून घेतले पाहिजे. विक्रेते त्यास ‘एडास’ म्हणतात. चालकाला साहाय्य करणारी यंत्रणा, एवढाच त्या इंग्रजी आद्याक्षरांचा अर्थ. काचेच्या वरच्या बाजूस एक किंवा अधिक कॅमेरे असतात. पुष्कळ गाड्यांत पुढील जाळीमागे रडार असते; ते लहरी सोडून त्या किती वेळाने परत येतात यावरून पुढील वस्तूचे अंतर मोजते. या दोघांनी सांगितलेल्या गोष्टी गाडीतील संगणक जुळवितो आणि मुख्यतः तीन सेवा करतो. पुढील वाहनापासून अंतर राखणे ही एक, रेषांच्या आत गाडी ठेवणे ही दुसरी, आणि टक्कर होणार असे दिसताच आपण होऊन ब्रेक लावणे ही तिसरी. पहिल्या दोन सेवा सुखासाठी आहेत, तिसरी जिवासाठी. आणि हा भेद पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

अशी यंत्रणा पेट्रोलच्या मोटारीतही असते. परंतु विजेच्या गाडीत ती अधिक सहज बसते. विजेचे यंत्र आज्ञा मिळताच क्षणात वेग घेते. वेग कमी करताना तेच यंत्र उलट काम करून थोडी वीज बॅटरीत परत भरते, त्यामुळे केवळ पाय उचलला तरी गाडी आवळल्यासारखी मंदावते. गाडीचा सारा कारभार आधीच संगणकाच्या हाती असल्याने त्यात आणखी एक काम घालणे कारखानदारास सोपे जाते. शिवाय अशा अनेक गाड्यांचा स्वभाव इंटरनेटद्वारे दूरवरून बदलता येतो. रात्री जी गाडी एका तऱ्हेने ब्रेक लावीत होती, ती सकाळी दुसऱ्या तऱ्हेने लावू लागते, असा अनुभव अमेरिकेतील कित्येक मालकांनी सांगितला आहे. आपल्याकडे चाकणच्या कारखान्यात होणाऱ्या महिंद्रच्या दोन विजेच्या गाड्या २०२४ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाल्या आणि टाटांची विजेवरील हॅरियर २०२५ च्या जूनमध्ये. या गाड्यांच्या वरच्या श्रेणींत ही साधने मिळतात. तेव्हा ही गोष्ट आता परदेशाची राहिलेली नाही. ती निपाणीच्या उसाच्या ट्रॉलीमागे येऊन ठेपली आहे.

या विद्येचा एक पूर्वज मोठा विलक्षण होता, आणि त्याची हकीकत आमच्या वाचकांस आवडेल. राल्फ टीटर हा अमेरिकेतील इंडियाना राज्याचा अभियंता. वयाच्या पाचव्या वर्षी झालेल्या अपघातामुळे त्याची दृष्टी गेली. तरीही तो यंत्रशास्त्र शिकला आणि पुढे एका मोठ्या कारखान्याचा प्रमुख झाला. सांगतात, की तो आपल्या वकिलाच्या मोटारीतून जात असे, तेव्हा वकील बोलू लागला की गाडी मंद होई आणि ऐकू लागला की वेग घेई. डोळस माणसाच्या लक्षात न येणारी ही ओढाताण आंधळ्याच्या अंगाला बोचली. गाडीचा वेग कायम राखणाऱ्या त्याच्या साधनास १९५० मध्ये पेटंट मिळाले, आणि १९५८ मध्ये क्रायस्लर कंपनीने ते आपल्या गाड्यांत बसविले. यालाच आज क्रूझ कंट्रोल म्हणतात. त्यास पुढचे काहीच दिसत नसे. म्हणून चालकाला सदैव पाहत राहणे भाग असे, आणि तो पाहत राही. पुढे या आंधळ्या साधनास रडारचे व कॅमेऱ्याचे डोळे लाभले, आणि घोटाळा तेथेच सुरू झाला. यंत्राला दिसू लागले, तसे माणसाने पाहणे कमी केले.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण टेस्ला या अमेरिकन कंपनीच्या विजेच्या मोटारींत सापडते, कारण तेथे अपघातांची चौकशी सरकारी तज्ज्ञांनी बारकाईने केली आहे. २०१५ च्या ऑक्टोबरात या कंपनीने आपल्या गाड्यांत ‘ऑटोपायलट’ नावाची सोय चालू केली. वैमानिकाचे काम करणारे यंत्र, असा त्या नावाचा सामान्य माणूस अर्थ घेतो. परंतु कंपनीच्या सूचनांत मात्र हात चाकावर ठेवा व लक्ष रस्त्यावर ठेवा, असेच लिहिलेले होते. नाव एक सांगत होते, पुस्तिका दुसरे. सूचनांच्या पुस्तिका किती लोक वाचतात, हे आम्ही आमच्या घरच्या शिलाई यंत्राच्या पुस्तिकेवरून जाणतो.

ओहायो राज्यातील एका चाळीस वर्षांच्या गृहस्थाचे आपल्या गाडीवर इतके प्रेम होते, की त्याने तिला लाडके नावही दिले होते. २०१६ च्या एप्रिलमध्ये एक मोठे वाहन बाजूने एकाएकी त्याच्या अंगावर आले, तेव्हा गाडीने आपण होऊन बाजूस होऊन त्यास वाचविले; त्याने त्या प्रसंगाचे चित्रण मोठ्या कौतुकाने जगाला दाखविले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ७ मे २०१६ रोजी, फ्लॉरिडात विलिस्टनजवळ एक लांब मालमोटार त्याच्या रस्त्यात आडवी आली. स्वच्छ उजेडाच्या आकाशापुढे तिची पांढरी बाजू ना गाडीने ओळखली ना माणसाने पाहिली. ब्रेक कोणीच लावला नाही, आणि तो गृहस्थ जागच्या जागी गेला. चौकशीत असे निघाले, की ऑटोपायलट चालू असलेल्या ३७ मिनिटांत त्याचे हात चाकावर असल्याची नोंद सारी मिळून अवघ्या २५ सेकंदांची होती. चौकशी मंडळाने २०१७ मध्ये दोष वाटून दिला: आडवी आलेल्या मालमोटारीच्या चालकाने वाट द्यावयास हवी होती, या चालकाने यंत्रावर फाजील भरवसा टाकला, आणि इतका वेळ लक्ष काढून घेऊ देणारी रचना कंपनीने केली. आम्हांला यात सर्वांत चटका लावणारी गोष्ट ही वाटते, की त्या माणसाचा भरवसा खोट्या जाहिरातीवर उभा नव्हता. त्या यंत्राने त्यास खरोखरीच एकदा वाचविले होते.

दुसरी हकीकत याच्या अगदी उलट आहे, आणि म्हणूनच ती अधिक कोड्यात टाकते. कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू गावाजवळ महामार्ग जेथे दोन वाटांत फुटतो, तेथे मध्ये काँक्रीटचा दुभाजक आहे. त्याच जागी आपली गाडी दुभाजकाकडे ओढ घेते, असे एका तरुण अभियंत्याने घरच्या माणसांजवळ पूर्वीच बोलून दाखविले होते. तरीही २३ मार्च २०१८ रोजी त्याच जागी, ऑटोपायलट चालू असताना, ताशी सुमारे ११४ किलोमीटरच्या वेगाने गाडी दुभाजकावर गेली व तो प्राणास मुकला. त्या वेळी त्याच्या मोबाईलवर एक खेळ चालू होता. धक्का सोसण्यासाठी दुभाजकापुढे बसविलेले साधन अकरा दिवसांपूर्वीच्या दुसऱ्या अपघातात मोडले होते आणि ते कोणी दुरुस्त केले नव्हते. ज्याला यंत्राचा दोष नेमका ठाऊक होता, त्याचेही लक्ष ऐन जागी उडाले. मग ज्यांना तो ठाऊकच नाही, त्यांचे काय म्हणावे?

आणि गाडीत न बसलेल्यांचे काय? २०१९ च्या एप्रिलमध्ये फ्लॉरिडातील की लार्गो येथे ऑटोपायलट चालू असलेल्या गाडीत चालकाचा मोबाईल खाली पडला व तो उचलण्यास तो वाकला. गाडी चौकातून सरळ पुढे जाऊन कडेला उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीवर आदळली. तिच्याजवळ उभी असलेली बावीस वर्षांची एक मुलगी मृत्यू पावली. चालकाने आपला दोष मान्य केला. परंतु २०२५ च्या ऑगस्टमध्ये मायामीच्या न्यायालयातील पंचांनी कंपनीवरही एक तृतीयांश दोष ठेवला, आणि चोवीस कोटी डॉलरांहून अधिक रक्कम तिच्याकडून यावी असा निर्णय दिला. त्या मुलीने ना ती गाडी घेतली होती, ना तिच्या सोयीचे सुख भोगले होते.

याच कंपनीच्या गाड्यांविषयी दुसरी तक्रार भुताटकीच्या ब्रेकची. रस्त्यावर काहीच नसता गाडी एकाएकी जोराने ब्रेक लावते, असे सांगणाऱ्या ३५४ तक्रारी नऊ महिन्यांत आल्यावर अमेरिकन सरकारने २०२२ च्या फेब्रुवारीत सुमारे ४ लाख १६ हजार गाड्यांची चौकशी सुरू केली. पुढे २०२३ च्या डिसेंबरात चालकाचे लक्ष राखण्याची योजना अपुरी ठरल्यामुळे २० लाखांहून अधिक गाड्यांत दूरवरून दुरुस्ती करावी लागली, आणि ती दुरुस्ती तरी पुरेशी झाली काय, याची चौकशी २०२४ च्या एप्रिलमध्ये पुन्हा उघडली गेली.

एवढे वाचून कोणी म्हणेल, की मग ही विद्याच वाईट. तसे आम्ही म्हणणार नाही, कारण दुसऱ्या बाजूचा पुरावाही तितकाच भक्कम आहे. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या खर्चाने चालणारी रस्ता-सुरक्षेची एक संस्था अनेक वर्षे हिशेब मांडीत आली आहे. आपण होऊन ब्रेक लावणाऱ्या गाड्यांमध्ये, पुढील वाहनावर मागून आदळण्याचे अपघात जवळजवळ निम्म्याने कमी झाले, असे तिला आढळले. मडगावच्या बाईंचा अनुभव या निम्म्यातला. परंतु याच संस्थेने २०२४ मध्ये असेही सांगितले, की गाडी मार्गिकेत धरून अंतर राखीत नेणाऱ्या सोयीमुळे अपघात कमी होतात, असा पुरावा मिळत नाही. त्याच वर्षी तिने अशा चौदा योजना तपासल्या. चालक खरोखर पाहत आहे की नाही, यावर त्या कितपत लक्ष ठेवतात, हा तपासणीचा मुख्य भाग होता. चौदापैकी अकरा ‘खराब’ ठरल्या, आणि ‘ठीक’ म्हणण्याजोगी एकच निघाली. म्हणजे जी सेवा संकटाच्या क्षणी येऊन निघून जाते ती उपकारक ठरली, आणि जी तासन्‌तास सोबत करते तिचे पारडे अजून वर-खाली होत आहे.

असे का व्हावे? याचे उत्तर मोटारी स्वयंचलित होण्यापूर्वीच एका ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने शोधून ठेवले होते. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्याकडे पाहत बसणारे सैनिक काही वेळाने पाणबुडीची खूण समोर असूनही का चुकवतात, असा प्रश्न ब्रिटनच्या हवाई दलास पडला होता. नॉर्मन मॅकवर्थ याने त्यासाठी एक साधे घड्याळ केले. काटा टिकटिक पुढे सरके, आणि क्वचित केव्हा तरी एकदम दुप्पट उडी घेई. ती उडी दिसताच बटण दाबावयाचे, एवढेच काम. असे दोन तास. निवडक, धडधाकट माणसेही पहिल्या अर्ध्या तासानंतर उड्या चुकवू लागली. १९४८ मध्ये त्याने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. काम अवघड असल्यामुळे माणूस चुकत नव्हता. बहुतेक वेळ काहीच घडत नव्हते म्हणून चुकत होता.

स्वतः गाडी चालविणाऱ्याचे हात, पाय व डोळे सदैव गुंतलेले असतात आणि ते गुंतलेपणच त्याला जागे ठेवते. यंत्राने हात व पाय मोकळे केले, की चालकाचा पहारेकरी होतो. आणि रात्रभर जागणाऱ्या पहारेकऱ्याला, ज्या गावात कधी चोरी होत नाही तेथेच, अधिक गाढ झोप लागते. जे यंत्र दर मैलाला चुकते त्यावर कोणी विसंबत नाही. जे हजार मैलांत एकदा चुकते, तेच घात करते. म्हणून आमच्या हैदराबादच्या गृहस्थांना वैताग आला तरी धोका फारसा झाला नसेल. आम्हांला काळजी वाटते ती बडोद्याच्या नातेवाइकांची, ज्यांची सोय चार वर्षांत एकदाही चुकली नाही. हे आम्ही त्यांना पत्राने कळविले आहे. ते हसले असणार.

विक्रेत्यांच्या तोंडी ‘लेव्हल दोन’ हा शब्द नेहमी येतो. शून्य ते पाच अशा सहा पायऱ्या अमेरिकन अभियंत्यांच्या संस्थेने २०१४ मध्ये ठरवून दिल्या. दुसऱ्या पायरीवर गाडी चाक व वेग दोन्ही सांभाळते, पण रस्त्यावर नजर ठेवण्याचे काम सर्वस्वी चालकाचे राहते. ते काम काढून घेणाऱ्या पायऱ्या तिसरीपासून पुढे सुरू होतात. आपल्याकडे सर्वसाधारण ग्राहकास मिळणाऱ्या गाड्या दुसऱ्या पायरीच्या वर नाहीत. म्हणजे अपघात झाला, तर ‘गाडी चालवीत होती’ असे सांगून पोलिसांपुढे चालणार नाही. दुकानात हे वाक्य ऐकल्याचे आम्हांस कोणी सांगितले नाही. तेथे सांगतात ते सहा कॅमेऱ्यांचे आणि मोठ्या पडद्याचे.

शिवाय आपले रस्ते अमेरिकेचे नव्हेत. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, असा केंद्र सरकारचा आकडा आहे. त्यांत चव्वेचाळीस टक्क्यांहून अधिक दुचाकीवरील होती, आणि साधारण पाचात एक पायी चालणारा. म्हणजे मरणाऱ्यांतले बहुतेक मोटारीत नव्हतेच. तेव्हा गाडीच्या कॅमेऱ्याने ओळखावयाचे ते दुसऱ्या मोटारीचा पाठीमागचा भाग एवढेच नव्हे. विरुद्ध दिशेने कडेकडेने येणारी मोपेड, डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई, रस्त्यात बसलेली म्हैस, आणि तो उसाचा ट्रॅक्टर. माणसाच्या डोळ्यांना उसाच्या मोळ्या पाहताच ‘आता हा हळू असणार’ हे कळते, कारण त्याने आयुष्यभर सुगी पाहिली आहे.

ज्या घरांत अशी गाडी आली आहे किंवा यावयाची आहे, त्यांना आमचे सांगणे थोडके आहे. संकटात ब्रेक लावणारी सोय कधी बंद करू नये. तिचा एखादा खोटा धक्का सोसावा, पण मागील वाहन अंगावर येणार नाही याकडे आरशात पाहत असावे. चाक धरणारी सोय घाटात, गावात, पावसात व खड्ड्यांच्या रस्त्यावर बंद ठेवावी, आणि ती चालू असताना गाडी रेषा ओलांडण्यापूर्वी दिशादर्शक दिवा लावावा, म्हणजे ती चाक उलटे ओढीत नाही. गाडी ताब्यात घेताना दुकानदाराला ती मोकळ्या रस्त्यावर नेऊन दाखवावयास सांगावे, आणि कोणती खूण दिसली म्हणजे यंत्राने हात वर केले असे समजावयाचे, ते घरातील प्रत्येक चालकाने स्वतः पाहून घ्यावे. विशेषतः मुलगा बापाला शिकवितो तेव्हा तो गाडीचे गुण सांगतो, तिच्या मर्यादा सांगावयाचे विसरतो. बापानेच त्या विचाराव्यात. आणि शेजारी बसलेल्या बाईमाणसाने ‘पुढे बघा’ म्हटले, तर रागावू नये. कोणत्याही कंपनीने अद्याप याहून चांगला इशारा काढल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

फेस्त आटोपून आम्ही त्याच वाटेने परतलो. घाट चढून कणकुंबीच्या आसपास आलो तेव्हा अंधार पडला होता आणि धुके उतरू लागले होते. पुतण्याने सवयीने बटण दाबले. पडद्यावर अक्षरे उमटली, की कॅमेऱ्यास दिसत नाही, ही सोय आता मिळणार नाही. त्याने एका चहाच्या टपरीपुढे गाडी थांबविली, खाली उतरून रुमाल ओला केला व काच आणि पुढची जाळी पुसून काढली. दिवसभराची तांबडी धूळ रुमालावर आली. परत येऊन त्याने पुन्हा बटण दाबले नाही. "काका," तो म्हणाला, "बेळगावपर्यंत तुम्ही पुढे बसा. ट्रॉली दिसली तर आधी सांगा."